आजार : नाही

विम्याच्या साहेबानं न विचारताच शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. माझा हात लागू नये म्हणून फॉर्म लांबूनच दोन बोटांनी दाबून धरला. म्हणाला, "मावशी, इथं अंगठा. आणि बोट टेबलाला पुसू नका."

मी सातवी पास. सही झोकात करते. तरी अंगठा दिला.

कसा दिला, त्याची आजही लाज वाटते. नाशिकला कॉलेज रोडवर मी ठेक्यावर झाडू मारते. मुकादम रोज हजेरीला सगळ्यांचे अंगठे घ्यायचा, सही येणाऱ्यांचेसुद्धा. म्हणायचा, अंगठ्यानं काम लवकर उरकतं. इतक्या वर्षांत हाताला तेच वळण पडलं. पॅड दिसला की अंगठा आपोआप पुढे.

कायम असलेल्या झाडूवाल्यांना औषधपाण्याची सोय होती. आम्हा ठेक्यावरच्यांना काही नाही. धूळ मात्र सगळ्यांना सारखीच. मला दमा लागला होता. म्हणून स्वतःचा विमा स्वतः काढायला गेले. ज्या एजंटाच्या दारासमोर रोज झाडायचे, त्याच्याचकडे. स्पष्ट सांगितलं, "साहेब, मला दमा आहे. धुळीनं उठतो." त्याच्या कानाला नवाकोरा मोबाइल. "बरं बरं" म्हणाला आणि लिहीत राहिला.

दोन वर्षं हप्ते भरले. तिसऱ्या वर्षी दम्यानं आडवी पडले. पाच दिवस दवाखान्यात, नाकाला नळी. मग विम्याचं पत्र आलं : आजार लपवला, पैसे मिळणार नाहीत. गळ्यातलं मोडून दवाखाना भागवला.

मी खोटारडी. डोक्यात सणकच गेली.

तशीच एजंटाकडे गेले. फॉर्मची झेरॉक्स मागून घेतली. 'आजार' या शब्दापुढे त्याच्या अक्षरात 'नाही'. खाली माझा अंगठा.

"वाचून अंगठा द्यायचा ना मावशी."

"वाचायला दिलं होतं का?"

तो हसला. "तुम्हाला वाचता येतं?"

मी अख्खा फॉर्म त्याच्यासमोर मोठ्यानं वाचला. खालच्या बारीक अक्षरांसकट. मध्ये दम लागला. थांबले, परत वाचलं. त्याचं हसू गेलं. पैसे काही मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मुकादमाला म्हटलं, "सही करीन. नाहीतर खाडा मांडा." मांडला मेल्यानं. दिवस बुडाला. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आणखी दोघी सहीला उभ्या राहिल्या.

आता दुसरीकडचा फॉर्म आणलाय. मीच भरलाय. आजाराच्या रकान्यात लिहिलंय : दमा आहे, झाडूकामानं झाला. खाली सही. नवा एजंट म्हणतो, "बाई, असं लिहाल तर विमा मिळायचा नाही. 'नाही' लिहून टाका."

नाही लिहिणार. भीती वाटते. पुन्हा दमा उठला तर मोडायला गळ्यात काही उरलेलं नाही. तरी खोटं नाही लिहिणार. नाकारायचं तर माझं अक्षर वाचून नाकारा, आणि कारण कागदावर द्या. माझा अंगठा आता फक्त झाडू धरायला. कागदावर तो कुणालाच मिळणार नाही.