सातव्या ओळीवरचं नाव

सॉफ्टवेअर करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. वापरणारे ते घरपोच आणून देतात!

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. पुरानी बस्तीतल्या एका खोलीत मी आणि माझा जोडीदार मोरेश्वरदादा शिक्षकांच्या बदल्यांसाठी जावामध्ये प्रोग्राम लिहीत होतो. माझी आई तीन वर्षं दूर कोंट्याच्या शाळेत. रायपूरसाठी तिचाही अर्ज त्याच यादीत होता. घरी बाबा आणि मी रोज करपलेली खिचडी खायचो.

पहिल्याच दिवशी खात्याच्या साहूजींनी छापलेल्या सगळ्या बदल्या बस्तरला! जिल्ह्यांच्या यादीत बस्तर पहिलं, म्हणून आपोआप तेच निवडलेलं यायचं. बदललं का नाही, विचारलं तर म्हणाले, "आपने रखा है भैया, तो सोच के ही रखा होगा!"

मग यादीच्या डोक्यावर आम्ही 'चुनें', म्हणजे 'निवडा', असं टाकलं. दुसऱ्या दिवशी एक गुरुजी पत्र घेऊन दारात! "भैया, ये चुनें कौन-से जिले में पड़ता है?" साहूजींनी तेही तसंच सोडलं होतं, आणि प्रोग्रामनं बिनबोभाट छापलं होतं.

पुढं साहूजींना नावं अकारविल्हे हवी झाली. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की यादी त्या क्रमानं लागेल, अशी सोय मी केली. दादा ओरडला, "अबे, चालत्या कोडले काहून हात लावून राहिला?" मी कसला ऐकतोय!

आठवड्यानं आईचा फोन. "मले रायपूर भेटलं रे!" बाबा चक्क रडले. मी पेढे घेऊन साहूजींकडे गेलो, तर ते डोळे विस्फारून म्हणाले, "मैंने तो कुंती नेताम को चुना था. नाम आपकी माताजी का कैसे आ गया?"

मी तिथंच यादी उघडून पाहिली. कुंती नव्या क्रमात सातवी होती. प्रोग्रामनं नाव मात्र जुन्या क्रमातलं सातवं, आईचं, उचललं होतं.

दोन दिवस हिंमत झाली नाही. शेवटी कोंट्याच्या पीसीओवर आईला बोलावून घेतलं.

"आई, ते पत्र तुझं नाही. चूक माझी आहे."

"माहीत आहे मले. बदलीचं कारण वाचलं ना मी. प्रसूती! चोपन्नाव्या वर्षी!"

"मग?"

"मग काय? इथं आठव्या महिन्याची एकच, शेजारची कुंती. पत्र हातात देऊन सकाळीच बसमध्ये बसवून देल्लं तिले."