एकाच आडनावाचं लग्न

माझी जीभ जरा आगाऊच आहे, हे सलील लग्न झाल्यापासून सांगतोय. तरी त्या दिवशी मॅगीच्या स्वयंपाकघरात ती सुटलीच, आणि एका सरळ बाईच्या जिवाला महिनाभर घोर लागला.

मॅगी मिरांडा इथे आखातात, माहूजला, आमच्याच मजल्यावर राहते. वसईची, माहेरची लोपीस. जुफैरच्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. चादरीला एक सुरकुती दिसली तर अख्खा पलंग पुन्हा करायला लावते. नवरा मार्कस सहा वर्षांपूर्वी इथेच गेला, त्याला इथेच पुरलं. तेव्हापासून ड्युटीवर निघताना छातीवरच्या बिल्ल्यावरचं 'मिरांडा' ती अंगठ्याने पुसते. मार्कसचं एवढंच उरलंय म्हणते. मग पोटचा ऑस्टिन कोणाचा, असं मी एकदा विचारलं होतं, तर दोन दिवस बोलली नाही.

तर या ऑस्टिनने लग्न ठरवलं. मुलगी फिलिपिन्सची, नर्स, नाव रिचेल. मॅगीच्या हातचं मटण तिने दोनदा मागून घेतलं, तिथेच मॅगी विरघळली. मग कळलं की तिचंही आडनाव मिरांडा. पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड, काहीच बदलायला नको, म्हणून मॅगी खूश होऊन मला सांगत होती. आणि मी पचकले, "अगं, मग दोघं एकाच गोत्रातले की!"

मी थट्टा केली होती हो. पण मॅगीच्या हातातला झारा तिथेच थांबला. गोत्र-बित्र आमच्यात नसतं, म्हणाली, आणि पुढच्याच श्वासात विचारलं की बहीणभाऊ निघाले तर?

रिचेलचा कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होता. लग्नाचं पक्कं झालं तर ती थांबणार, नाहीतर मायदेशी परत. ऑस्टिनचा चेहरा बघवत नव्हता. आईच्या मनाविरुद्ध तो चर्चची पायरी चढला नसता, आणि आईला तर आपलं मनच कळेना. फादर म्हणाले, जवळचं रक्ताचं नातं नसलं तर काही हरकत नाही. जवळचं म्हणजे किती जवळचं, यावर मॅगी रात्रंदिवस कीस पाडत बसली.

सलीलने मदत म्हणून मोबाइल उघडला आणि घोळ आणखी वाढवला. मिरांडा नावाचं एक गाव स्पेनमध्ये, एक पोर्तुगालमध्ये. वसईवर राज्य पोर्तुगीजांचं, फिलिपिन्सवर स्पेनचं. आता झालं मोकळं, म्हणून मी सुस्कारा सोडला, तर हा म्हणतो, मध्ये साठ वर्षं दोन्ही देशांचा राजा एकच होता! मॅगीने कपाळाला हात लावला. मी मोबाइल काढून घेतला.

शेवटी तिने वसईला मार्कसच्या थोरल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, आपण कुठले स्पेनचे नि पोर्तुगालचे? बाप्तिस्मा करणाऱ्या पाद्रीने स्वतःचं आडनाव आपल्याला दिलं, असं म्हातारे सांगायचे. त्याआधीचं? त्याआधीचं कोणालाच ठाऊक नाही.

दोन दिवसांनी रिचेलच्या आजीशी व्हिडिओ कॉल झाला. आजी हसत होती, रिचेल इंग्रजीत सांगत होती. स्पॅनिश साहेबाने आडनावांची यादी पाठवली, गावाच्या वाट्याला एकाच अक्षराचं पान आलं, त्यातलं त्यांच्या खापरपणजोबाने एक उचललं. त्यांच्या गावात सगळ्यांचीच आडनावं त्या अक्षराची.

म्हणजे नातं नाही. मी टाळी द्यायला हात पुढे केला, तर मॅगीचे डोळे भरलेले.

"म्हणजे मार्कसचंसुद्धा ते नव्हतंच?" ती म्हणाली. "मी इतकी वर्षं कोणाचं पुसतेय गं?"

पुढे केलेला हात मी मागे घेतला. महिना संपायला चार दिवस उरले होते आणि मॅगी हो म्हणेना, नाही म्हणेना.

शुक्रवारी सकाळी तिने दफनभूमीत जायला मला सोबत घेतलं. आम्ही पोचलो तर मार्कसच्या थडग्यापाशी रिचेल आधीच उभी. कोणाला न सांगता आली होती. दगडावरच्या नावावर बोट फिरवत होती, मॅगी बिल्ल्यावर फिरवते तसंच. आम्हाला बघून दचकली, सॉरी म्हणाली. मग हळूच म्हणाली की तिच्या बाबांच्या दगडावरही हेच आडनाव लिहिलंय, फक्त तिथे जाऊन तिला चार वर्षं झाली. रजाच मिळाली नाही.

मॅगीने एकदा दगडाकडे बघितलं, एकदा रिचेलकडे. मला तर वाटलं, आता ही परत राजापासून सुरुवात करते.

"तिथे मेणबत्ती कोण लावतं?" तिने विचारलं.

रिचेलने मान हलवली. कोणी नाही.

मॅगीने पर्समधून मेणबत्ती काढली. एकच होती. ती रिचेलच्या हातात दिली आणि वाऱ्याला आडवे दोन्ही हात धरले.

"लाव," ती म्हणाली. "दोघांच्या नावाने लाव."