कल्पनाच्या बीएडचा हप्ता

बीएड केलेल्या माणसाकडे पैसा साठत नाही, किस्से मात्र लॉकरमध्ये ठेवावेत इतके साठतात. आमचंच बघा. मी, कल्पना आणि भूषण, बीएडला एका वर्गात होतो. आता दर रविवारी सकाळी इंदिरानगरला जॉगिंग ट्रॅकजवळच्या टपरीवर भेटतो. जॉगिंग बाकीचे करतात. आम्ही चहा पितो आणि आठवड्यात कोणाची काय फजिती झाली ते सांगतो. ज्याचा पगार झाला असेल त्याने चहाचे पैसे द्यायचे असा नियम आहे. त्यामुळे कधीकधी तिघंही एकमेकांकडे बघत बसतो.

माझं बरं आहे. वडिलांनी एफडी मोडून फी भरली आणि अजून तोंडाने काही बोललेले नाहीत. भूषण सटाण्याकडचा, सकाळी शाळेत विज्ञान शिकवतो, संध्याकाळी क्लासमध्ये, आणि उरलेल्या वेळात विम्याची गिऱ्हाइकं शोधतो. खरी पंचाईत कल्पनाची. ती सुरगाण्याच्या डोंगरातली, तिच्या गावातली पहिली बीएड. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं आणि नोकरी लागली विनाअनुदानित शाळेत. पगार आला की निम्म्याहून जास्त हप्त्याला जातो, उरलेल्यात खोलीचं भाडं आणि डबा. अशात शहरातल्याच द्वारका सर्कलजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने तिला हिशोबाच्या नोकरीला बोलावलं, पगार जवळजवळ दुप्पट. शाळा सोडावी की नाही, यावर आम्ही कितीतरी रविवार घालवले.

*

आधी भूषणचं सांगते. तो घरच्यांबरोबर सटाण्याला मुलगी बघायला गेला होता. पोहे झाले, पाणी झालं, आणि मुलीच्या वडिलांनी सरळ विचारलं, की पगार किती?

आता बीएडला आमच्याकडून घोकून घेतलेलं, की शिकवताना नेहमी माहितीच्या गोष्टीकडून माहिती नसलेल्या गोष्टीकडे जायचं. भूषण तसाच निघाला. आधी सरकारी शाळेत कायम शिक्षकाला किती मिळतात ते सांगितलं. मग अनुदानित शाळेत किती. मग भरती निघाली तर सुरुवातीला मानधन किती आणि पुढे किती. बैठकीतले सगळे माना डोलवत होते.

मुलीच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समजनं. पन तुम्हले किती भेटस?"

भूषण म्हणाला, "ते पुढच्या तासाला घेऊ."

लग्न काही ठरलं नाही. पण निघताना त्या गृहस्थांनी भूषणकडून एक विमा पॉलिसी घेतली.

*

कल्पनाने हप्त्याला हातभार म्हणून पंचवटीत एक शिकवणी धरली. मुलगा हुशार, वडील पूजा सांगणारे गुरुजी. माणूस भला, पण महिनाअखेरीला हमखास म्हणायचे, "मॅडम, या महिन्यात मुहूर्तच नाहीत. पुढच्या महिन्यात एकदम देतो." आणि तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून पिशवीभर नारळ द्यायचे.

कल्पनाच्या खोलीवर नारळांचा ढीग लागला. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या, भूषणने डब्यात रोज चटणी नेली. शेवटी एके दिवशी कल्पना गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, माझ्या हप्त्याला मुहूर्त लागत नाही हो. तो पाच तारखेला येतोच."

गुरुजींना खरंच वाईट वाटलं. आत गेले, पाकीट घेऊन आले आणि सगळी फी मोजून दिली. वर दोन नारळ दिलेच.

*

हप्ता थोडा कमी करून मिळतो का, हे विचारायला एकदा आम्ही बँकेत गेलो. साहेब तरुण होते आणि समजावून सांगायची हौस असलेले होते. त्यांनी कागदावर व्याज कसं लागतं, मुदत वाढवली तर एकूण व्याज कसं वाढतं, हप्ता कमी वाटला तरी शेवटी जास्त कसे भरावे लागतात, हे सगळं पायरीपायरीने मांडलं.

कल्पना एकटक बघत होती. मला वाटलं, बिचारी खचली. साहेबांचं शेवटचं उत्तर आलं आणि कल्पनाच्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास! अगदी बरोबर. बस खाली."

साहेब बसलेलेच होते. तरीही ते खुर्चीत जरा आणखी खाली सरकले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हप्ता मात्र होता तेवढाच राहिला.

*

मग तिने शाळेत पगारवाढ मागायचं ठरवलं. आदल्या रविवारी आम्ही तिच्याकडून सराव करून घेतला. भूषण मुख्याध्यापक झाला होता आणि त्याने लगेच पगार वाढवून दिला, तिथेच आमचं चुकलं.

खरे मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, पगार कमी आहे हे मला मान्य आहे. पण अनुभव किती मिळतोय ते बघा ना."

कल्पना म्हणाली, "सर, बँक अनुभव घेत नाही. मी विचारून आले."

सर हसले. इतके खूश झाले, की म्हणाले तुमच्यासारख्या हजरजबाबी शिक्षकांची शाळेला गरज आहे. दुसऱ्या दिवसापासून सूत्रसंचालन, स्नेहसंमेलन आणि स्कूलबसची ड्यूटी तिच्याकडे आली. पगार तोच.

*

एकदा मात्र गंमत राहिली नाही. उन्हाळ्यात खासगी शाळा पगार देत नाहीत, आणि हप्ता चुकला. बँकेने जामीनदाराला फोन लावला. जामीनदार म्हणजे कल्पनाचे मामा, पेठला आश्रमशाळेत शिपाई. मामा फोनवर म्हणाले, "पोर मास्तरीण हाय साहेब, पळून जायची नाय. शाळा उघडली का भरल." आणि तिला यातलं काहीच सांगितलं नाही. तिला कळलं ते मामीकडून, शाळा उघडल्यावर.

त्या रविवारी ती टपरीवर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "माझ्यासाठी सही केली म्हणून मामाने कोणाचंही ऐकून घ्यायचं?" म्हणाली. "बस झालं. मी द्वारकेला जाते." मला तर ते पटलंच होतं. भूषणने पगार झालेला नसताना चहाचे पैसे दिले.

*

सोबत म्हणून मी तिच्याबरोबर गेले. द्वारकेला सर्कलपासून थोडं आत शेठचं ऑफिस होतं. बाहेर ट्रक, आत कूलर आणि टेबलावर बिल्ट्यांचे, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्यांचे गठ्ठे. शेठ पन्नाशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी कल्पनाला दोन-चार हिशोब करायला दिले, ते तिने चहा यायच्या आत केले. शेठ खूश. पगाराचा आकडा त्यांनी आपणहून वाढवला. मी मनातल्या मनात हप्ता फेडून मोकळी झाले होते.

तेवढ्यात शेठ म्हणाले, "मॅडम, घरचं एक विचारू का? माझी धाकटी बीएड करायचं म्हणते. तुम्ही केलंय. खरं सांगा, परवडतं का?"

कल्पनाने टेबलावरची एक कोरी बिल्टी उलटी केली आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला फी, वसतिगृह, दोन वर्षं बुडालेली कमाई आणि कर्जाचं व्याज. दुसऱ्या बाजूला पगार. मे महिन्यापुढे तिने ठसठशीत शून्य काढलं. भरतीपुढे प्रश्नचिन्ह. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. शेठनी चष्मा लावून दोन्ही बाजू नीट वाचल्या.

"हा तर सरळ तोट्याचा धंदा झाला," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे नको पाठवू?"

कल्पना त्या कागदाकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं.

"पाठवा," ती म्हणाली.

"अहो, आत्ता तुम्हीच तर मांडून दाखवलंत."

"मांडलंय ते बरोबर आहे. पण पाठवा तिला."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखालून कल्पनाचा पाय दाबला. तिने तो शांतपणे बाजूला घेतला.

"बरं, ते बघतो मी," शेठ म्हणाले. "तुम्ही सोमवारी दहाला या. कामाला लागा."

कल्पनाने पर्स खांद्याला लावली आणि उठली.

"सोमवारी नाही जमायचं, शेठ. सोमवारी सातवीला अपूर्णांक सुरू करायचेत."