गायीच्या तोंडात घातलेला हात

सकाळी धसईहून फोन आला, "बाई, आपले भोईर डॉक्टर गेले. झोपेतच." मी "बरं" म्हणाले आणि तशीच ओट्यावर बसले. दुःख नंतर आलं. आधी आली ती भीती... आता विचारायचं कुणाला? त्याला दीड महिना झाला.

भोईर डॉक्टर गुरांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर शहापूर-मुरबाडच्या गावोगाव फुकट व्याख्यानं देत हिंडायचे. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, बाजाराचं पटांगण, जिथे माणसं बसतील तिथे. साप, गोचीड, गुरांचे ताप, पिसाळलेली कुत्री असे विषय. मी निवृत्त शिक्षिका, आमच्या शेणवे गावात माणसं गोळा करायचं काम माझं.

तशाच एका सभेत ते सांगत होते, "गाय लाळ गाळते, गिळत नाही, आवाज घोगरा झालाय, तर घशात काही अडकलंय असं धरून चालू नका. तिला पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असू शकतं. तोंडात हात घालू नका." शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या जावेनं, यमुनेनं, माझा दंड घट्ट धरला. मग तीच उभी राहिली. "डॉक्टर, आमी कालच घातला हात. आंब्याची कोय अडकली आसंल, आसं वाटलं. कोय काय सापडली नाय." आमच्या गायीचा जबडा मी फाकवून धरला होता. माझ्या बोटावर विळीनं कापल्याची ताजी जखम होती.

डॉक्टरांनी सभा तिथेच थांबवली. आम्हा दोघींना शाळेच्या नळाखाली उभं करून पाव तास साबणानं हात धुवायला लावले आणि तसंच शहापूरच्या दवाखान्यात नेलं. रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी गाय गेली. खोल खड्डा करून पुरेपर्यंत डॉक्टर उन्हात उभे होते.

पुढचा महिना आठवला की अजून अंगावर काटा येतो. रोज सकाळी पाण्याचा पेला तोंडाशी नेताना मी स्वतःकडेच संशयानं बघायचे... घोट उतरतोय ना? यमुनेनं नातवाला मांडीवर घेणं सोडलं. एकदा भाकऱ्या थापता थापता हळूच म्हणाली, "अक्का, आपल्याला झालं तर पोरांना आपण चावू काय गो?" आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेली मी, तव्यावरची भाकरी उलटत राहिले.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टर सोबत आले. बाकावर बसल्या बसल्या मी चिडून म्हणाले, "तुम्हाला काय, तुम्हाला कसली भीती?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "बाई, नोकरीत नवा होतो. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याची गाय अशीच लाळ गाळत होती. मला घाई होती. घशात काहीतरी अडकलंय, हात घालून बघ, असं मीच सांगितलं त्याला. दोन महिन्यांनी बायकोनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, तर तो किंचाळला... मी बदली मागून पळालो. आजवर कुणाला सांगितलं नाही."

आम्ही दोघी वाचलो. त्या शेतकऱ्याचं नाव मी विचारलं नाही.

म्हसा गावातली सभा त्यांनी जाण्याआधीच ठरवून ठेवली होती. मागच्या आठवड्यात ती मी घेतली. जमेल तसं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "कुणी असा हात घातलाय का?" एकही हात वर आला नाही. हा प्रश्न विचारला की डॉक्टर खाली बसायचे, चष्मा काढायचे आणि काही न बोलता थांबायचे. लोक चुळबुळले तरी उठायचे नाहीत. घाबरलेल्या माणसाला वेळ लागतो, म्हणायचे. मीही खाली बसले. थांबले... माणसं उठायला लागली तरी थांबले.

अगदी मागे, खांबाला टेकून बसलेल्या एका बाईनं पदराआडून हात वर केला.