काळा धूर म्हणजे ओव्हरटाइम

धंदा वाढला की धूर वाढलाच पाहिजे का? शेठला विचारलं, तपासणीला आलेल्या साहेबांना विचारलं. सातवी नापास पोराला कोण उत्तर देणार! किस्से मात्र साचत गेले, चिमणीत काजळी साचते तसे.

माझा दादा अंबरनाथला जीन्स धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होता. मी त्याच्या हाताखाली, लाकडं टाकायला. बदलापूरहून कामाला येणारी पोरं लांबूनच चिमणी बघायची. काळा धूर म्हणजे ओव्हरटाइम! एकदा धूर पातळ दिसला, तर दादावरच भडकली, "झोपलास काय रे? आमच्या पोटावर पाय!" दादानं खोकत खोकत आणखी लाकडं टाकायला लावली.

मग छतावर सोलर आलं. परदेशी पार्टी बघायला येणार म्हणून बॉयलर बंद, आणि दादा नवा शर्ट घालून पॅनेलशेजारी उभा! फोटो झाले, गाड्या गेल्या. शेठ म्हणाले, "चला, पेटवा!"

त्या पॅनेलवर आमचीच काजळी बसायची. पुसायचं काम दादालाच. म्हणायचा, "खाली काळं करायचं, वर पुसायचं. डबल पोस्ट आहे माझी!"

पुढे नवा बॉयलर आला. अर्ध्या लाकडात तेवढीच वाफ! दादानं पेढे वाटले. आठवड्यात शेठ म्हणाले, "लाकूड वाचतंय ना? मग अजून एक पाळी लावू." धूर होता तेवढाच झाला.

उल्हासनगरच्या डॉक्टरनं दादाचा एक्स-रे बघून विचारलं, "सिगारेट?"

"मी नाही, डॉक्टर. आमची चिमणी ओढते."

डॉक्टर हसले. मी टेबलावर हात आपटला, "हसता काय!" वहिनीनं मला ओढत बाहेर नेलं.

दादा गेला त्या दुपारी शेठ घरी आले. "बंद ठेवला असता कारखाना, पण माल भरायला कंटेनर लागलाय." दारातून चिमणी दिसत होती. काळी.

काका लाकडं आणायला निघाले. मी टेम्पोची चावीच काढून घेतली.

"अरे, रीत आहे आपली!"

"जन्मभर लाकडंच जाळली त्यानं! गॅसवर न्या म्हणालाय. स्मशानाशेजारी पण कुणीतरी खोकत असेल, म्हणाला."

गॅसदाहिनीचं बटण मी दाबलं.

बाहेर आलो, तर बदलापूरची पोरं सवयीनं वर दाहिनीच्या चिमणीकडे बघत उभी. एकानं हळूच विचारलं, "धूर नाही रे... चालू केलंस ना?"