सरूबाईचं नाक

मुकुंदवाडीच्या सरूबाईचा सख्ख्या भावावर विश्वास नव्हता, पण तिच्या नाकावर अख्ख्या गल्लीचा होता. धने भाजले का, खोबरं करपलं का, ते बाया तिलाच विचारायच्या. ती कढईवर वाकून म्हणायची, "उतरव," की उतरवलंच.

गोकुळच्या कांडपावर मसाला कुटायला नेला की ती मशीनसमोर ठाण मांडायची. "नजर हटली की माल बदलला," म्हणायची. यंदाही डोळ्यांत तेल घालून बसली होती. तरी घरी येऊन डबा उघडते तर वासच नाही! ना दगडफूल, ना लवंग. जिभेवर नुसती आग. बाईचं टाळकंच सरकलं. तशीच माघारी गेली आणि दहा बायांदेखत म्हणाली, "चोरा, माझा मसाला कुठंय?"

"आईशप्पथ मावशी, ह्योच तुमचा!" गोकुळ डबा घेऊन एकेकीच्या नाकापुढं नाचला. दोघी म्हणाल्या, वास येतोय की. पण सरूबाईला नाय येत म्हणल्यावर त्याही गप्प झाल्या. आठवडाभरात गोकुळचं कांडप ओस पडलं.

घरात सून मोनालीवरही संशय सुरू झाला. चहात आलं नाही, वरणाला फोडणी नाही. शेवटी मोनाली म्हणाली, "आत्या, डोळे मिटा," आणि नाकाला डबी लावली.

"रिकामी डबी काय हुंगायला देती गं?"

डबी हिंगानं गच्च भरली होती. आता बोला!

औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरनं समजावलं, "आजी, मागच्या तापात तुमचं नाक गेलं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असं मोजकंच कळतं. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो, तेव्हा कुठं लवंग लवंगेसारखी लागते. मिरची मात्र नुसती भाजते, तिला नाक लागत नाही. रोज चार वास हुंगा. येईलही परत."

सरूबाईला डॉक्टरचाही संशय आला. बाहेर येऊन तिनं मोगऱ्याचा गजरा घेतला आणि नाकात खुपसला. काही नाही. भर रस्त्यात तिला रडू फुटलं. नाक गेल्याचं दुःख होतंच, पण गोकुळची लाज जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी बाया आता ज्या कांडपावर जात होत्या, तिथं ती गेली. "बायांनो, गोकुळ चोर नाय. माझंच नाक गेलंय. जावा त्याच्याकडं."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेजारची रत्नमाला जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "खरं सांगा मावशी, फुकट कांडून देतो म्हणला का त्यो?"