किसनच्या दारासमोरचं पाणी

किसन गेल्याचं मला हळ्ळीखेडच्या बसस्टँडवर कळलं. कोळारच्या गोदामात त्याच्याबरोबर पहाऱ्याला असणारा एक जण बिदरच्या गाडीतून उतरला आणि म्हणाला, "अण्णा गेले की... कळलं न्हाई का तुम्हाला?" तोवर नऊ दिवस होऊन गेले होते. हातातली पिशवी घेऊन मी तिथंच कट्ट्यावर बसलो. आज महिना उलटला, तरी आमच्या त्या बेटाशिवाय दुसरं काही आठवत नाही.

आमचं गाव एका माळाच्या उतारावर गोल पसरलेलं होतं. धरण झालं, घरं पाण्यात गेली आणि माळ तेवढा बेटासारखा वर राहिला. दर साली संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण होडीतून तिथं उतरायचो आणि बोरी-बाभळीतून, कुणी चोरून पेरलेल्या करडईतून काठाकाठानं दिवसभर चालायचो. आपलं घर जिथं बुडालं त्याच्यासमोर थांबायचं, घराण्याचं नाव घ्यायचं आणि घरून आणलेले मूठभर जोंधळे पाण्यात सोडायचे, एवढाच रिवाज. पण सगळीकडे सारखंच पाणी, त्यात घर ओळखणार कसं? ते किसन सांगायचा. त्यानं वीस वर्षं गावात टपाल वाटलेलं. पलीकडच्या टेकडीकडे बघत दोन पावलं सरकायचा आणि काठी रोवून म्हणायचा, "हितं उभारा अक्का. तुमचा उंबरा सरळ समोर हाय." अक्का रडायच्या आणि तो तोंड फिरवून विडी पेटवायचा. आता पाण्यातही टपाल टाकशील, असं मी त्याला चिडवायचो.

होडी आमच्या आळीच्या अंगाला लागायची, म्हणून फेरा तिथूनच सुरू व्हायचा. किसनचा बौद्धवाडा माळाच्या पाठीमागं, सगळ्यांत शेवटी. तिथवर पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असायचं, माणसं दमून होडीकडे वळायची. मीही वळायचो, खोटं कशाला बोलू. किसन एकटाच पुढं जायचा आणि थोड्या वेळानं हात झटकत परत यायचा.

गेल्या साली तर जेवणं लांबली, वारा सुटला, होडीवाला घाई करू लागला. निघायचं ठरवलं ते मीच. किसन जोंधळ्याची पुरचुंडी हातात धरून उभा होता.

"राहू दे अप्पा," तो म्हणाला. "पाणी कुठं जायलंय? फुडल्या साली तिकडनंच सुरू करू."

मी व्हय म्हणालो. परतताना तो होडीत पुरचुंडी मांडीवर घेऊन वाकून बसला होता. मला वाटलं, दमला असेल...

बातमी कळल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, शांतानं, तीच पुरचुंडी आणून माझ्या हातात दिली. वर्षभर खुंटीला टांगलेली होती म्हणे. या साली तिकडूनच सुरुवात करतो, असं तिला सांगितलं आणि मग विचारावं लागलं, की बौद्धवाड्यात तुमचं घर नेमकं कुठं होतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. "व्हय, तुम्ही कधी आलाच न्हाईत की तिकडं," ती म्हणाली. "संक्रांत झाली की मीच यिते. दाखवते."

पुरचुंडी माझ्या कोनाड्यात आहे. जोंधळ्याला टोके लागलेत, कापडातून पीठ गळतं. मी रोज ते पुसतो. गाठ अजून सोडलेली नाही.